‘ईव्हिल’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा : अनुवाद आणि अध्यापन यांच्या संदर्भात

१. प्रस्तावना

हुबळी-धारवाड परिसरातील महाविद्यालयांत इंग्रजी साहित्याचा तास हा प्रत्यक्षात तीन-चार भाषांचा तास असतो. पाठ्यपुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरणाचा बराचसा भाग कन्नड, काही विद्यार्थ्यांच्या वहीतील टिपणे मराठी आणि अनेकांच्या घरातील बोली दख्खनी उर्दू अशी ही स्थिती असते. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे मराठी शब्द कचेरीपासून रंगभूमीपर्यंत येथे पूर्वीपासून रुळलेले आहेत. अशा वर्गात एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणे म्हणजे एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहिणे एवढेच नसते. तो शब्द विद्यार्थ्याच्या मनातील तीन भाषांच्या तीन वेगवेगळ्या कप्प्यांत पडत असतो.

‘ईव्हिल’ हा असाच एक शब्द होय. शेक्सपिअरच्या शोकांतिका, बायबलमधील उतारे, तत्त्वज्ञानाचे पाठ, समाजसुधारणेचा इतिहास, वर्तमानपत्रांतील अग्रलेख या सर्व ठिकाणी तो भेटतो. सर्वसाधारण प्रघात असा की, फळ्यावर त्याच्यापुढे ‘दुष्ट’ किंवा ‘दुष्टपणा’ असे लिहावे आणि पुढे जावे. शब्दकोशाच्या दृष्टीने ही चूक म्हणता येणार नाही. परंतु एवढ्यावर थांबल्यास इंग्रजी शब्दातील अनेक अर्थ एकाच अर्थात कोंबले जातात. शिवाय जो अर्थ कृत्याला किंवा आपत्तीला लागू आहे, तो माणसाच्या स्वभावाला चिकटतो. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या परिणामाचा विशेष विचार केला आहे. कारण तो केवळ भाषेचा प्रश्न नसून न्यायाचाही प्रश्न आहे.

२. शब्दाची जडणघडण

‘ईव्हिल’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘यफेल’ या रूपापासून आला. जर्मन भाषेतील ‘यूबेल’ हा त्याचा सख्खा भाऊ. मर्यादा ओलांडणे, हद्दीपलीकडे जाणे ही कल्पना या शब्दाच्या मुळाशी असावी, असा व्युत्पत्तिकारांचा कयास आहे. जुन्या इंग्रजीत ‘चांगले’ याच्या विरुद्ध असलेल्या सर्व गोष्टींसाठी हा एकच शब्द चाले. नासलेले फळ, प्रतिकूल हवा, दुखणे, अपशकुन, पाप या सर्वांना तो लागू होई. पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास ‘बॅड’ हा शब्द पुढे आला आणि हळूहळू रोजच्या व्यवहारातील वाइटपणा त्याने आपल्याकडे घेतला. ‘ईव्हिल’कडे उरला तो गंभीर, भारदस्त, नैतिक अर्थ.

तथापि जुने अर्थ पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत. ते वाक्प्रचारांत टिकून राहिले. ‘नेसेसरी ईव्हिल’ म्हणजे टाळता न येणारी अप्रिय गोष्ट. तेथे दुष्टपणाचा संबंध नाही. दोन ‘ईव्हिल’पैकी कमी वाईट ते निवडावे, असे इंग्रज म्हणतो, तेव्हा मराठी माणूस ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून मोकळा होतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. ‘ईव्हिल आय’ला मराठीत ‘दृष्ट’ किंवा ‘नजर’ असे म्हणतात. ज्याची दृष्ट लागते तो मनाने वाईट असेलच असे नाही. आईचीही दृष्ट बाळाला लागते, असे मानले जाते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत ‘सोशल ईव्हिल’ हा शब्दप्रयोग एकवचनात आला की त्याचा अर्थ बहुधा वेश्याव्यवसाय असा असे. अनेकवचनात तो आला की बालविवाह, सती, अस्पृश्यता यांसारख्या प्रथा अभिप्रेत असत. मराठी सुधारकांच्या लेखनात या दुसऱ्या अर्थासाठी ‘अनिष्ट रूढी’ हा शब्द रूढ झाला. त्या काळातील अहवाल वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक सांगितला नाही, तर त्याच्या हाती अर्थाऐवजी अनर्थ लागतो.

तत्त्वज्ञानात या शब्दाची व्याप्ती आणखी वाढते. जर्मन तत्त्वज्ञ लायबनित्स याने १७१० च्या आपल्या ग्रंथात तीन प्रकार मानले : सृष्टीच्या अपूर्णतेतून येणारे, शारीरिक दुःखाच्या रूपाने येणारे आणि माणसाच्या पापातून येणारे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा युरोपातील विचारवंतांनी त्या भूकंपाचा विचारही ‘ईव्हिल’च्या प्रश्नाखालीच केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाला मात्र कोणी मराठी माणूस ‘दुष्ट’ म्हणणार नाही. तो त्याला आपत्ती म्हणेल, संकट म्हणेल, फार तर निसर्गाचा कोप म्हणेल. म्हणजे इंग्रजी व तिच्या भगिनीभाषा जेथे एका शब्दात विचार करतात, तेथे मराठी दोन स्वतंत्र शब्द योजते. मराठीतील ही विभागणी विचारदारिद्र्याची खूण नसून एक प्रकारचा विवेक आहे.

३. एका प्रवेशातील चार अर्थ

या अर्थांची गुंतागुंत पाहण्यासाठी ‘मॅकबेथ’ नाटकाच्या चौथ्या अंकातील तिसरा प्रवेश उपयुक्त आहे. रंगभूमीवर हा प्रवेश लांबलेला वाटतो म्हणून पुष्कळदा कापला जातो. वर्गातही त्याचा सारांश सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. वास्तविक या नाटकाच्या नैतिक विचाराची गुरुकिल्ली येथेच आहे.

प्रवेशाच्या आरंभी राजपुत्र माल्कम हा मॅकडफची परीक्षा घेण्यासाठी स्वतःवर नाना दुर्गुणांचा आरोप करतो. आपण कामांध आहोत, लोभी आहोत, राजाला शोभणारा एकही गुण आपल्यात नाही, असे तो सांगतो. मॅकडफ निराश होऊन या दुर्गुणांचा उल्लेख ‘ईव्हिल’ या शब्दाच्या अनेकवचनाने करतो. येथे शब्दाचा अर्थ ‘दुर्गुण’ असा आहे. गंमत अशी की, हे दुर्गुण खरे नाहीतच. माल्कम लगेच आपले शब्द मागे घेतो.

त्यानंतर थोड्याच वेळात एक वैद्य येतो आणि इंग्लंडचा राजा एडवर्ड हा आपल्या स्पर्शाने एका रोगाच्या रुग्णांना बरे करतो, अशी वार्ता येते. त्या रोगाचे नावच ‘ईव्हिल’ असे सांगितले आहे. हा रोग म्हणजे मानेतील गाठी सुजण्याचा विकार, मराठीत ज्याला गंडमाळ म्हणतात तो. इंग्लंडच्या राजांनी अशा रुग्णांना हात लावण्याची प्रथा पुढे कित्येक शतके चालली. कोशकार सॅम्युएल जॉन्सन याला १७१२ मध्ये लहानपणी याच कारणासाठी राणी ॲन हिच्याकडे नेण्यात आले होते. तेव्हा या ठिकाणी ‘ईव्हिल’चा अर्थ ‘दुष्टपणा’ असा घेतला, तर राजा दुष्टांना हात लावून सुधारतो, असा भलताच अर्थ निघतो.

प्रवेशाच्या शेवटी रॉस येऊन मॅकडफच्या बायकामुलांच्या हत्येची बातमी सांगतो. आता दुर्गुणांची काल्पनिक यादी नाही, रोगाचे नाव नाही, तर प्रत्यक्ष घडलेले कृत्य समोर आहे. ते ऐकून मॅकडफ विचारतो की, हे सारे आकाशातून पाहिले जात असताना त्या निरपराधांची बाजू कोणी घेतली नाही काय? तत्त्वज्ञ ज्याला ‘प्रॉब्लेम ऑफ ईव्हिल’ म्हणतात तो प्रश्न एका बापाच्या तोंडून दोन वाक्यांत येतो. येथे तो शब्द मॅकडफने उच्चारलेला नाही, पण आशय तोच आहे.

अशा रीतीने स्वभावातील दोष, शरीरातील रोग, हातून घडलेले कृत्य आणि निरपराधाच्या वाट्याला आलेले दुःख या चारही गोष्टी एकाच प्रवेशात लागोपाठ येतात. शिवाय चेटकिणींच्या रूपाने पाचवा अर्थही नाटकभर वावरतो. तो म्हणजे माणसाबाहेरची, त्याला भुलविणारी शक्ती. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानसंग्रहात शेक्सपिअरच्या शोकांतिकेतील खळबळीचे मूळ नैतिक अर्थाच्या ‘ईव्हिल’मध्ये शोधले. ते विवेचन आजही मोलाचे आहे. मात्र ब्रॅडलींच्या विवेचनातील तो शब्द ‘दुष्टपणा’ असा वाचला गेला, तर शोकांतिका ही सुष्ट व दुष्ट यांच्या झगड्याची कथा बनते. मॅकबेथ हा आधी दुष्ट होता म्हणून खून करीत नाही. खून केल्यानंतर, एकेका पावलाने तो क्रूर होत जातो. शोकांतिकेतील भय याच क्रमात आहे. कृत्य आधी आणि स्वभाव मागाहून, हा क्रम अनुवादात उलटता कामा नये.

४. मराठी, कन्नड आणि उर्दूतील शब्दव्यवस्था

मराठीत या अर्थक्षेत्रासाठी शब्दांचा तुटवडा नाही. ‘वाईट’, ‘दुष्ट’, ‘अनिष्ट’, ‘अमंगळ’, ‘पाप’, ‘पातक’, ‘दुष्कृत्य’, ‘दुर्गुण’, ‘दुरित’, ‘खल’, ‘अनर्थ’ असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ‘दुष्ट’ आणि ‘दोष’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘दुष्’ या धातूपासून आले. त्याचा मूळ अर्थ बिघडणे, दूषित होणे. आयुर्वेदातील वात-पित्त-कफ या ‘दोषां’त नीतीचा भाग नाही. म्हणजे शरीरातील बिघाड आणि नीतीतील बिघाड यांचा सांधा इंग्रजीप्रमाणे येथेही मुळात होता. आजच्या मराठीत मात्र ‘दुष्ट’ हा शब्द जवळजवळ पूर्णपणे माणसाच्या अंतःकरणाविषयी बोलतो. ‘अनिष्ट’ हा शब्द ‘इष्ट’च्या विरुद्ध, तो परिणामाकडे पाहतो. ‘वाईट’ सर्वांत व्यापक. ‘वाईट वाटणे’ या प्रयोगात तर तो केवळ दुःखाचा वाचक होतो.

कन्नडमध्ये ‘केट्ट’ हा शब्द ‘केडु’, म्हणजे बिघडणे, या क्रियापदापासून आला आहे. दूधही बिघडते आणि माणूसही. ‘पाप’ हा शब्द कन्नड व मराठी दोहोंत आहे. पण एखाद्या दुबळ्या, दुःखी माणसाकडे पाहून कन्नड बोलणारा ‘पाप!’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘बिचारा!’ असा असतो. मराठी विद्यार्थी हे प्रथम ऐकतो तेव्हा गोंधळतो. ज्या शब्दाने दोष द्यायचा त्याच शब्दाने येथे कणव व्यक्त होते. केलेले वाईट आणि भोगलेले वाईट यांचे नाते किती जवळचे आहे, हे या एका उद्गारावरून वर्गात सहज समजावून देता येईल.

उर्दूभाषक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ‘शर्र’, ‘बदी’, ‘बुराई’, ‘गुनाह’, ‘खता’, ‘जुल्म’, ‘फसाद’ हे शब्द परिचयाचे असतात. जपानी अभ्यासक तोशिहिको इझुत्सू यांनी कुराणातील नैतिक संज्ञांचा जो अभ्यास केला, त्याची सुधारित आवृत्ती १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. एखाद्या अरबी नैतिक शब्दापुढे एक इंग्रजी शब्द ठेवून भागत नाही. तो शब्द कोणत्या शब्दांच्या जोडीने व कोणाच्या विरोधात येतो हे पाहावे लागते, ही त्यांची पद्धत होती. उदाहरणार्थ, सूरह अल्-फलकमधील ‘शर्र’ या शब्दासाठी मार्माड्यूक पिक्थॉल यांनी १९३० च्या अनुवादात ‘ईव्हिल’ हा शब्द योजला, तर अब्दुल्ला यूसुफ अली यांनी ‘मिस्चिफ’ हा शब्द पसंत केला. जुन्या इंग्रजीत ‘मिस्चिफ’ म्हणजे गंभीर अपाय. आजच्या विद्यार्थ्याला मात्र त्याचा अर्थ ‘खोडी’ एवढाच माहीत असतो. अनुवादकाने निवडलेला शब्द तसाच राहतो आणि त्याच्याभोवतीची भाषा सरकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

‘जुल्म’ या शब्दाचा अर्थ अरबी कोशकारांनी ‘एखादी वस्तू तिच्या योग्य जागी न ठेवणे’ असा दिला आहे. त्यामुळे अरबीत माणूस स्वतःवरही जुल्म करू शकतो. मराठीत आलेला ‘जुलूम’ मात्र बलवानाने दुर्बळावर करावयाचा असतो. ‘गुनाह’ या फारसी शब्दाचा प्रवास तर अधिकच उद्बोधक आहे. उर्दूत ‘गुनाह’ म्हणजे ईश्वरापुढे जाब द्यावा लागेल असे पाप. मराठीत ‘गुन्हा’ म्हणजे कायद्याने ठरविलेला अपराध. कर्नाटकातील पोलीस ठाण्याच्या कागदपत्रांत ‘गुन्ने’ हा शब्द नोंदीच्या क्रमांकापुरता उरला आहे. एकच शब्द ईश्वराच्या दरबारातून न्यायालयात आणि न्यायालयातून नोंदवहीत आला. घरी उर्दू, वर्गात मराठी आणि रस्त्यावर कन्नड बोलणाऱ्या मुलाला हे तिन्ही अर्थ ठाऊक असतात. त्यांतील फरक त्याला कोणी दाखवून दिलेला नसतो, इतकेच.

५. कृत्याकडून माणसाकडे, माणसाकडून जन्माकडे

वाइटपणाचे वाचक असलेले शब्द एका जागी स्थिर राहत नाहीत. ते कृत्यावरून कर्त्यावर आणि कर्त्यावरून त्याच्या समूहावर सरकतात. उलट दिशेनेही हा प्रवास होतो. समूहाचे नाव वाइटपणाचे नाव बनते. इंग्रजीतील ‘व्हिलन’ हा शब्द लॅटिनमधील ‘व्हिलानुस’, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस, या शब्दापासून निघाला. गरीब कुळ नाटकात खलपुरुष झाले. मराठीला यावरून इंग्रजीला हसण्याचा अधिकार नाही. ‘नीच’ म्हणजे मुळात खालचा. ‘चांडाळ’ हे तर एका समाजाचे नाव; ते निर्दय माणसाला द्यावयाची शिवी बनले आणि ‘चांडाळ चौकडी’ या प्रयोगात आजही सहजपणे वापरले जाते. ज्यांनी हा शब्द शिवी म्हणून रूढ केला त्यांनी एका संपूर्ण समूहाच्या नीतीविषयी निवाडा देऊन टाकला, याचे भान तो उच्चारणाऱ्याला राहत नाही.

हा निवाडा केवळ भाषेत राहिला असता तर गोष्ट वेगळी. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्याचा विस्तार झाला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, असे गृहीत धरून त्यांची नोंद, हजेरी आणि बंदिस्त वसाहती यांची व्यवस्था करण्यात आली. मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींपैकी एक हुबळीत होती. ‘सेटलमेंट’ हे त्या भागाचे नाव शहराच्या बोलण्यात पुढेही टिकून राहिले. १९५२ मध्ये हा कायदा देशभरातून रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ असे नाव मिळाले.

येथे ‘गुन्हेगार जमात’ या शब्दप्रयोगाकडे भाषेचा विद्यार्थी म्हणून पाहिले पाहिजे. ‘गुनाह’ या शब्दात कर्त्याची इच्छा गृहीत असते. जाणूनबुजून केल्याशिवाय गुनाह होत नाही. ‘जमात’ या शब्दात जन्म गृहीत असतो. जन्मात इच्छेचा प्रश्नच नाही. हे दोन शब्द एकत्र आले तेव्हाच त्या शब्दप्रयोगात अंतर्विरोध निर्माण झाला होता. पाळण्यातील मूल गुन्हेगार ठरविण्यासाठी शब्दाचा अर्थ आधी मोडावा लागतो. तो मोडला गेला तेव्हा मराठी, कन्नड वा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेने पुरेसा विरोध केला नाही.

राजकारणाच्या भाषेतही हेच घडते. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८३ मध्ये सोव्हिएत संघाला उद्देशून आणि अध्यक्ष बुश यांनी जानेवारी २००२ मध्ये इराक, इराण व उत्तर कोरिया या तीन देशांना उद्देशून ‘ईव्हिल’ हा शब्द वापरला. राज्यकर्त्यांची धोरणे निंद्य असू शकतात. परंतु विशेषण राष्ट्राला लागले की त्या राष्ट्रातील शाळेत जाणारे मूलही त्यात येते. अशा मजकुराचा अनुवाद करताना ‘दुष्ट राष्ट्रे’ असे लिहिणे सोपे असते. तसे लिहिणारा केवळ भाषांतर करीत नाही, तर मूळ वक्त्याचा निवाडा आपल्या वाचकाच्या भाषेत कायम करीत असतो.

६. दुष्टांशिवाय घडणारा अनर्थ

खलपुरुष दिसला की वाईटाचे कारण सापडले, ही समजूत मराठी रंगभूमीने बराच काळ जोपासली. ‘ऑथेल्लो’चा मराठी प्रवास पाहावा. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा अनुवाद १८६७ चा, गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंजारराव’ १८९० चे आणि वि. वा. शिरवाडकर यांचा ‘ऑथेल्लो’ १९६१ चा. या सर्व काळात इयागो हा प्रेक्षकांच्या दृष्टीने आदर्श खलनायक राहिला. पण कोलरिजपासून समीक्षकांना सतावणारा प्रश्न हा की, इयागोच्या द्वेषाला पुरेसे कारणच सापडत नाही. तो ‘दुष्ट’ आहे असे म्हटल्याने कारण सापडत नाही. कारण शोधणे फक्त थांबते.

याच धारवाडात दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन करणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी मराठी कथेत वेगळी वाट दाखविली. त्यांच्या कथांत क्रौर्य आहे, विनाश आहे, निरपराधांची फरफट आहे. पण ज्याच्याकडे बोट दाखवावे असा खलनायक अनेकदा नसतो. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. एका प्रवाशाला आदराने मठात नेले जाते, स्वामी म्हणून त्याची स्थापना होते आणि तळघरात त्याला कायमचे कोंडले जाते. त्याला कोंडणारी माणसे त्याचा द्वेष करीत नाहीत. त्यांचे वागणे नम्र आहे. त्यांच्या दृष्टीने ते परंपरा चालवीत आहेत. उरलेले आयुष्य तो माणूस एका वेलीला बाहेरच्या उजेडापर्यंत पोहोचविण्यात घालतो. या कथेतील वाईटाला ‘दुष्टपणा’ म्हणता येत नाही आणि ‘आपत्ती’ही म्हणता येत नाही. एका माणसाचे आयुष्य हिरावले गेले आहे, ते माणसांनीच हिरावले आहे आणि तरीही कोणाच्याही मनात दुष्ट हेतू नाही. ‘ईव्हिल’ या शब्दाची एक महत्त्वाची छटा मराठीत समजावून द्यायची असेल, तर या कथेइतके चांगले साधन क्वचितच सापडेल.

हॅना आरेन्ट यांनी १९६३ च्या ग्रंथात आइखमन या नाझी अधिकाऱ्याविषयी जे मत मांडले, ते येथे आठवते. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविण्याची व्यवस्था पाहणारा हा माणूस त्यांना राक्षसासारखा न वाटता हुकूम पाळणारा, स्वतः विचार न करणारा एक सामान्य अधिकारी वाटला. त्यांच्या सुप्रसिद्ध संज्ञेचे ‘दुष्टतेचे सामान्यत्व’ असे भाषांतर केले, तर त्यांचा मुद्दाच हरवतो. कारण दुष्टता नसतानाही दुष्कृत्य घडते, असेच त्यांना म्हणायचे होते. ‘दुष्कृत्याचे सामान्यत्व’ असे म्हटल्यास आशय अधिक नेमका येतो. आइखमनविषयीचे त्यांचे मत पुढील अभ्यासकांनी खोडूनही काढले आहे. परंतु त्या वादात भाग घेण्यासाठीही आधी संज्ञा नीट कळणे आवश्यक आहे.

७. कायद्याने केलेली निवड

शब्दाची योग्य निवड करता येते, याचे एक उदाहरण कायद्याच्या भाषेत सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांनंतर व त्यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावात ‘ईव्हिल’ हा शब्द आहे. मराठी नावात त्या जागी ‘अनिष्ट’ असून तो ‘प्रथा’ या नामाला लागतो. कर्नाटकानेही २०१७ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा केला व त्याच्या इंग्रजी नावातही ‘ईव्हिल’ हे ‘प्रॅक्टिसेस’ या नामाचे विशेषण आहे.

मराठी मसुद्यात ‘दुष्ट प्रथा’ असे म्हटले असते, तर ती प्रथा पाळणारे अज्ञानी, भयभीत कुटुंबही दुष्टांच्या रांगेत गेले असते. ‘अनिष्ट’ या शब्दाने लक्ष अपायाकडे वळविले. शिक्षा कृत्याला आहे, श्रद्धाळू माणसाच्या अंतःकरणाला नाही, हे त्या एका शब्दाने स्पष्ट होते. मराठीच्या परंपरेत ही दृष्टी नवी नाही. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या पसायदानात खळांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा जावा, असे मागणे आहे. ‘खळ’ आणि ‘दुरित’ हे दोन शब्द तेथे स्वतंत्र ठेवले आहेत.

८. अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘ईव्हिल’साठी एकच मराठी प्रतिशब्द ठरविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. त्याऐवजी वर्गात प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांकडून काही प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत. प्रस्तुत ठिकाणी शब्द कशाविषयी बोलतो? कोणाच्या वाट्याला आलेल्या दुःखाविषयी असेल, तर ‘अनिष्ट’, ‘आपत्ती’, ‘अनर्थ’ हे शब्द जवळचे. हातून घडलेल्या गोष्टीविषयी असेल, तर ‘दुष्कृत्य’, ‘पाप’ किंवा कायद्याच्या संदर्भात ‘गुन्हा’. स्वभावातील उणिवेविषयी असेल, तर ‘दुर्गुण’. माणसाबाहेरील शक्तीविषयी असेल, तर ‘सैतान’ किंवा ‘वाईट शक्ती’. ख्रिस्ती प्रार्थनेतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाईट’ की ‘तो वाईट’, म्हणजे सैतान, याविषयी अनुवादकांत आजही मतभेद आहेत. ‘दुष्ट’ हा शब्द मात्र शेवटी, आणि लेखकाने खरोखरच अंतःकरणाविषयी निवाडा दिला असेल तेव्हाच वापरावा.

‘मॅकबेथ’च्या वर उल्लेखिलेल्या प्रवेशावर एक तास खर्च केल्यास हा अभ्यास प्रत्यक्ष करून घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या भाषेत प्रत्येक स्थळी कोणता शब्द येईल ते लिहावे. कन्नडभाषक ‘केट्ट’ लिहील, उर्दूभाषक ‘बुराई’ किंवा ‘मर्ज’ लिहील, मराठीभाषक ‘दुर्गुण’ किंवा ‘गंडमाळ’ लिहील. हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्यास बहुभाषिक वर्ग ही अडचण न राहता साधन बनतो. एकभाषिक वर्गाला ही सोय नाही.

परीक्षेच्या दृष्टीने पाहता विद्यार्थी मॅकबेथचे किंवा इयागोचे व्यक्तिचित्र लिहिताना पहिल्याच ओळीत ‘तो दुष्ट आहे’ असे लिहितो आणि पुढील दोन पाने त्याच वाक्याचा विस्तार करतो. त्याने आधी काय केले, कोणत्या क्रमाने केले, कोणाला त्याचा अपाय झाला हे लिहून मग स्वभावाविषयी बोलावे, असा आग्रह अध्यापकाने धरल्यास उत्तराची गुणवत्ता निश्चितच वाढेल.

या सवयीचा उपयोग परीक्षेपुरता नाही. कोणाच्या कृत्याला वाईट म्हणण्यासाठी पुरावा लागतो. माणसाला वाईट म्हणण्यासाठी अधिक पुरावा लागतो. समूहाला वाईट म्हणण्यासाठी पुरावा असूच शकत नाही. शब्दाचा अर्थ नीट सांगणारा अध्यापक हा फरक कोणतेही वेगळे नीतिपाठ न देता विद्यार्थ्याच्या हाती देतो. ज्या शहरात ‘सेटलमेंट’ हे एका वस्तीचे नाव आहे, तेथे या फरकाचे मोल अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.